पुलावरचं जेवण

मावशीच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे बघायची कुणाला सवय नाही. तिने चहाचं आधण ठेवलं की सकाळ झाली आणि ओटा पुसून फडकं पिळून वाळत घातलं की दिवस संपला, एवढं सगळ्यांना पुरतं. बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिने उभं आयुष्य काढलं, आणि ते खरंच उभ्यानेच काढलं. भोंगा वाजायचा, पाळीची सगळी माणसं एकदम आत घुसायची, लांब बाकांवरच्या जागांसाठी ढकलाढकली सुरू व्हायची. मावशी पातेलं ढकलगाडीवर घेऊन तयार असायची. मोठा डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची आणि म्हणायची, "बसा आधी. बसल्याशिवाय डाव हलणार नाही."

हे वाक्य मला हुबेहूब काढता येतं. 'बसा' सपाट म्हणायचं, 'आधी'वर किंचित चढायचं आणि शेवटचं 'नाही' नाकातून सोडायचं, जणू हे आपण ठरवलेलं नसून वरून हुकूम आलाय. घरात मी मागून असं म्हटलं की माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, हातातलं काम टाकून पटकन बसते आणि मग मला शिव्या घालते. कारखान्यातली धटिंगण माणसंही म्हणे तशीच बसायची.

मावशीचं दुसरं वाक्य काढायला अगदीच सोपं आहे. "माझं नंतर." कॅन्टीनची पद्धत अशी होती की वाढणाऱ्या बायकांनी शेवटचं ताट विसळून झाल्यावर जेवायचं. ही पद्धत मावशी पदराला बांधून घरी घेऊन आली. लग्नकार्य असो, आमच्याकडे पाहुणी म्हणून आलेली असो, सगळ्यांची पोटं भरेपर्यंत ती उभी. कुणी म्हटलं, ताई बस की आता, तर "माझं नंतर". आणि मग भांडी पालथी घालून झाल्यावर एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, आता दुसऱ्या पाळीचा भोंगा होईल या धास्तीने भराभर जेवण.

तिचे यजमान, आमचे काका, त्याच कारखान्यात झाकणं कापायच्या यंत्रावर होते. ते कायम शेवटच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला बसायचे. त्यांच्यापर्यंत ढकलगाडी पोचेस्तोवर पातेल्याला तळ लागलेला असायचा, आणि काका ती खरवड मुकाट्याने खायचे. "न कुरकुरता खरवड खाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही," असं मावशी सांगते. तेवढ्यावर लग्न. काकांची नक्कल मला आजवर जमलेली नाही, कारण नक्कल करायची तर माणसाला आधी काहीतरी बोलावं लागतं.

तर मावशी निवृत्त झाली. कॅन्टीनच्या बायकांनी वर्गणी काढून तिला कॅन्टीनचीच खणाखणांची ताटं भेट दिली आणि विचारलं, आणखी काय हवं? मावशीने क्षणभरही विचार न करता सांगितलं, डोंगरातल्या गाडीची तिकिटं. आम्हाला घरी हे कळलं तेव्हा आईने एवढंच म्हटलं, "बाबांचा पूल."

हे बाबा म्हणजे माझे आजोबा. ते रेल्वेत रंगारी होते. आमच्या शहरातून पहाटे एक संथ गाडी निघते, ती दिवसभर तळी, जंगलं आणि डोंगर ओलांडत संध्याकाळी पलीकडच्या टोकाला पोचते. मध्ये खोल दरीवर एक लोखंडी पूल आहे. आजोबांनी नोकरीभर तो एकच पूल रंगवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे तोवर या टोकाला गंज धरायचा, की पुन्हा सुरुवात. महिन्यातून एकदा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कोपरांना करडा रंग लागलेला असायचा. आणि जेवायला बसले की एकच गोष्ट सांगायचे. दुपारी आम्ही पुलाच्या तुळईवर पाय सोडून बसतो आणि डबा उघडतो. खाली नदी, वर काही नाही. तिथे जे खाल त्याला जी चव येते, ती जगात कुठे येत नाही. मग आजी म्हणायची, घरचा स्वयंपाक आवडत नाही असं सरळ सांगा. पण मावशीने ते लहानपणी मनावर घेतलं. तिला तिथे एकदा जेवायचं होतं. बास. गाडी जायला एक दिवस लागतो आणि यायला एक, आणि लागोपाठ दोन दिवसांची रजा तिने कधी घेतली नाही, कारण मग माणसांना जेवायला कोण घालणार?

तिकिटं आली पाच. मावशी, काका, आई, मी आणि छोट्या मामा. छोट्या हे मामाचं घरातलं नाव. मामाचं वजन बघता ते कधीच बदलायला हवं होतं. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे. कुठेही बसला की आधी हाताने दाबून बघतो, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "ऐक माझं" अशी करतो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, ऐक माझं. वेळापत्रकात बघ, पूल किती वाजता आहे, त्या वेळी डबे उघडू. एवढी काय ती योजना?"

वेळापत्रकात पूल नव्हता. स्टेशनं होती. आणि त्या मार्गावर रूळ एकच असल्यामुळे समोरून मालगाडी आली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात वाट बघत उभी राहते, त्यामुळे छापलेल्या वेळांना तसा अर्थ नाही, हे मावशीने आधीच चौकशी करून घेतलं होतं. पूल पार व्हायला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागतो, हेही. तेवढ्यात पाच माणसांच्या ताटात गरम जेवण हवं, आणि घास तोंडात जाताना खाली नदी हवी. आधी वाढलं तर गार होणार आणि मामा संपवून बसणार. उशीर झाला तर पूल गेला.

मग तिने काकांना कामाला लावलं. परतीची गाडी रोज संध्याकाळी आमच्या स्टेशनात येते. काका दिवसाआड, म्हणजे एकाच गार्डाच्या पाळीला, फलाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथे गार्डाचा डबा थांबतो, तिथे जाऊन उभे राहायचे आणि गार्ड उतरला की विचारायचे, "आज पूल कधी आला?" पहिल्या खेपेला गार्डाने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. तो गार्ड जाडा, तोंडात कायम लवंग, त्यामुळे बोलताना जीभ एका बाजूला. मी दुसऱ्या खेपेला खास त्याला ऐकायलाच काकांबरोबर गेले. म्हणाला, "अहो काका, पूल येत नाही. पूल तिथेच असतो. येते ती गाडी." काकांनी मान डोलावली आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच विचारलं. दोन आठवड्यांत गार्ड लांबूनच हात करून ओरडायला लागला, "आला हो तुमचा पूल, आज जरा लवकर आला!"

पण त्याच गार्डाने शेवटी कामाची गोष्ट सांगितली. वेळेच्या मागे लागू नका. लांब बोगदा संपला की डाव्या हाताला लाकडाची वखार लागते. वखारीनंतर मोठं वळण. आणि वळण संपता संपता ड्रायव्हर शिट्टी देतो. शिट्टी दिल्याशिवाय पुलावर चाक चढवायचं नाही, असा नियमच आहे.

काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मावशी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे भोंगाच की," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून ती निर्धास्त झाली. भोंग्यावर जेवण वाढणं तिला नवीन नव्हतं.

मग सगळं ठरत गेलं. भात पहाटे पाऊण शिजवायचा, झाकणाची कड कणकेने लिंपून टाकायची, पातेलं आधी वर्तमानपत्रात आणि मग जुन्या गोधडीत गुंडाळायचं. उरलेला भात गाडीत आपोआप शिजत येईल आणि दुपारपर्यंत वाफाळता राहील. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या पाळीसाठी असंच करायचे. मामा म्हणाला, भाताचं अर्धं तिकीट काढावं लागेल. बटाटा-वाटाण्याचा रस्सा वळणावर सांडू नये म्हणून नेहमीपेक्षा दाट. किती दाट, हे ठरवायला मावशीने भरलेला डबा काकांच्या मांडीवर देऊन त्यांना शहर बसच्या मागच्या सीटवर बसवून खड्ड्यांच्या रस्त्याने फिरवून आणलं. पहिल्यांदा काकांची विजार धुवायला गेली. दुसऱ्यांदा रस्सा जागचा हलला नाही, पण मामा म्हणाला हा कुंच्याने लावायचा का? तिसऱ्यांदा जमलं.

आणि भूक. मावशीचा यावर फार भर. भूक नसेल तर कसली चव, म्हणून पुलाशी सगळे कडकडून भुकेले हवेत. निघताना चहा आणि लोणी लावलेला पाव. तळं दिसलं की एकेक उकडलेलं अंडं. त्यानंतर तोंडाला कुलूप ते थेट पुलापर्यंत. मामाने विचारलं, माणूस मध्येच पडला तर? मावशी म्हणाली, पडला तर ताट वाचलं.

निघायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. बाहेरच्या खोलीत खुर्च्या समोरासमोर मांडल्या, ताटं वाटली. बोगदा, वखार, वळण हे सगळं मी ओरडून सांगायचं आणि शिट्टीही मीच मारायची. मी इंजिनाची शिट्टी इतकी मन लावून मारली की शेजारच्या घरातून विचारणा झाली. मावशीने शिट्टी संपायच्या आत चौघांची ताटं भरली, हात बघावे तर दिसत नव्हते. खिडकीशेजारची खुर्ची तिची होती. ती रिकामीच होती.

आई म्हणाली, "ताई, तू बस ना, तुझंही बसवून बघू."

"मी तिथे बसलेय असं धरा," मावशी डावाने खुर्चीकडे दाखवत म्हणाली. आम्ही धरलं.

गाडी पहाटे निघाली. मामाने बाक दाबून बघितलं आणि हा भुसा आहे असं जाहीर केलं. डब्यात गर्दी नव्हती, पाचही जणांना खिडकीजवळची समोरासमोरची जागा मिळाली. शहर संपलं, गुदामं संपली, मग धुक्यात नुसती कुंपणं दिसायला लागली. कुंपणावर ओळीने बसलेले पक्षी गाडी गेली तरी उडत नव्हते. तळं आलं तेव्हा ऊन पडलं होतं आणि एक माणूस होडीत उभा राहून जाळं झटकत होता. आम्ही अंडी सोलली. मावशीने टरफलं पिशवीत गोळा केली, गोधडीत हात घालून पातेल्याची ऊब बघितली आणि कुलूप लावलं.

जंगल सुरू झालं आणि गाडी चढणीला लागली. एका लहानशा स्टेशनात थांबली ती थांबलीच. समोरून मालगाडी यायची होती. फलाटावर एक कुत्रं, एक नळ आणि झाडून काढलेल्या पानांचा ढीग. मामाच्या पोटात कावळे ओरडायला लागले, ते मला समोरच्या बाकावर ऐकू येत होते आणि मी त्यांचीही नक्कल करून दाखवली. तो जरा पाय मोकळे करून येतो म्हणून दाराकडे गेला. परत आला तेव्हा मावशी त्याच्या मिशीकडे बघत होती.

"छोट्या, बिस्कीट कुठलं?"

"ऐक माझं, ताई. चक्कर येत होती."

"बिस्किटाची भूक पुलावर कमी पडेल, तेव्हा मला सांगू नकोस," एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. मालगाडी धडधडत गेली, आमची गाडी हलली. भाताची तिला चिंता नव्हती. खरं म्हणजे मी तिला इतकी शांत कधी पाहिली नव्हती. हात मांडीवर, कपाळ काचेला टेकलेलं.

बोगदा आला. आत सगळं काळं, फक्त चाकांचा आवाज. बाहेर पडल्याबरोबर मावशी म्हणाली, "झाकणं." आईने कणीक खरवडून झाकण उकललं. वाफ आली, मामाने डोळे मिटले. डावीकडे वखार गेली, ओल्या लाकडाचा वास डब्यात भरला. प्रत्येकाच्या मांडीवर ताट आलं. मावशीचं ताट तिच्या खिडकीच्या कडेला ठेवलेलं होतं, वर स्वच्छ फडकं. वळण सुरू झालं, सगळे एका बाजूला कलले, रस्सा जागचा हलला नाही. योजना अशी होती की शिट्टी झाली की तिने बसल्या जागेवरून, आधी आपल्या आणि मग आमच्या ताटात वाढायचं. पातेली तिच्या गुडघ्याशी होती. उठायची गरजच नव्हती.

आणि शिट्टी झाली.

मी मारली होती तशी ती नव्हती. ही लांब, खोल, छातीत हलणारी होती, कारखान्याच्या भोंग्यासारखी. मावशी उठली. तिने काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. गुडघे आपोआप सरळ झाले, पाठ खिडकीकडे गेली, उजव्या हातात डाव आला. भात, रस्सा, पाव, काकडी. माझं, आईचं, मामाचं. चाकांचा आवाज एकदम बदलला, पोकळ झाला, खालून वारा आला. मी घास घेतला आणि खिडकीतून बघितलं. करड्या रंगाच्या लोखंडी पट्ट्या सटासट मागे जात होत्या, जवळून बघितलं तर त्यांच्यावर कुंच्याचे फराटे दिसत होते. खाली, फार खाली, नदी पडलेल्या दोरीसारखी. आई हातात पाव धरून हसत होती आणि रडतही होती. मामाने बटाटा तोंडात तसाच ठेवला होता.

मग आवाज पुन्हा भरीव झाला आणि झाडं आली.

मी वळले. मावशी आमच्याकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ करून उभी होती आणि काकांच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढत होती. काकांनी एक घासही घेतला नव्हता. ते पुलाकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. काहीतरी म्हणायचं होतं ते तिथेच अडकलं होतं. खिडकीच्या कडेला फडक्याखाली ताट कोरडं ठणठणीत.

सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. "ताई, तुझं?"

"माझं नंतर," मावशी म्हणाली. आणि मग तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. तिने मागे वळून काचेतून बघितलं. डोंगर कापून केलेली दगडी भिंत होती, तिच्यावरून पाणी झिरपत होतं.

ती खाली बसली नाही. आमची जेवणं होईपर्यंत उभी राहिली, ताटं पुसून एकात एक घातली, आणि मग बसून, त्या दगडी भिंतीकडे तोंड करून, नेहमीच्या वेगाने जेवली. शेवटी म्हणाली, भात बरा उतरला. मग मामाला विचारलं, "खरंच वेगळं लागतं का रे?"

मामा थापा मारण्यात पटाईत आहे, भुशाची गादी कापसाची म्हणून विकतो. पण म्हणाला, "खरं सांगू? मी बघत बसलो. चवीकडे लक्षच नव्हतं." आई घाईने म्हणाली की हो, लागतं, फार वेगळं लागतं. मावशीने तिच्या गालाला हात लावला आणि पिशवी बांधली.

पलीकडच्या गावी स्टेशनजवळ खोल्या घेतल्या होत्या. आईने परतीचा विषय काढला. उद्या तीच गाडी, तोच पूल, आपण पुन्हा मांडू. मावशीने मान हलवली. आता काही मांडायचं नाही, स्टेशनवर मिळेल ते खाऊ. हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. पुढे म्हणाली, "पुन्हा शिट्टी होईल आणि पुन्हा मी उठेन. मला माहितीये ना माझे पाय." आणि फडकं धुवायला गेली. ती गेल्यावर काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मी म्हणायला हवं होतं." काय म्हणायला हवं होतं ते सांगितलं नाही.

सकाळी काका खोलीत नव्हते. गाडी सुटायच्या जरा आधी फलाटावर सापडले, गार्डाच्या डब्याशी. लवंग चघळत गार्ड हातवारे करून त्यांना काहीतरी दाखवत होता. आम्हाला बघून ओरडला, "या, पुलाची मंडळी!" काकांच्या हातात कागदाची पिशवी होती. आत उकडलेले बटाटे, सालासकट, आणि पुडीत मीठ. काकांनी आपल्या मनाने खाण्याची वस्तू विकत घेतल्याची ही पहिलीच वेळ असावी. मावशीने पिशवीत डोकावून बघितलं आणि बटाटे कोवळे आहेत म्हणाली.

परतीला पूल लवकर लागतो. त्या बाजूने बोगदा नाही, वखार नाही. नुसती उतरण आणि झाडं. मावशी खिडकीशी बसली होती खरी, पण पिशवी पायाशी ओढून, हात पिशवीच्या बंदावर. काका समोर. त्यांची नजर बाहेर होती, आणि ते कशाची तरी वाट बघतायत हे मला कळत होतं. लाल छपराची एक सिग्नलची केबिन गेली. काका लगेच उठले, मावशीच्या पायाशी वाकले, पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. खणांचं एक ताट तिच्या मांडीवर ठेवलं, दोन बटाटे त्यात ठेवले, कडेला मीठ. मग आईला एक, मामाला दोन, मला एक. स्वतःसाठी काही घेतलं नाही. शिट्टीच्या आधीच सगळं वाढून मोकळे. वाढायला काही उरूच नये असा तो बेत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशी काही बोलायला गेली.

शिट्टी झाली.

तिचे गुडघे हलले. मी बघितलं. हात बाकाच्या कडेवर आला, ताट मांडीवरून घसरायला लागलं. आणि काकांनी, जागेवर उभ्या उभ्या, रिकाम्या डब्यावर चमचा दोनदा आपटला आणि म्हणाले, "बसा आधी. बसल्याशिवाय डाव हलणार नाही."

नक्कल म्हणून वाईट होती. 'बसा' वर गेलं, 'आधी' खाली पडलं, 'नाही'ला आवाज फाटला. डाव तर नव्हताच, चमचा होता. पलीकडच्या बाकावरचा एक प्रवासी मुकाट्याने खाली बसला. पण शेवटच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला बसून त्यांनी ते जितक्या वेळा ऐकलं होतं तेवढ्या वेळा मी अजून काहीच ऐकलेलं नाही, आणि मावशीच्या पायांना ते बरोबर ओळखू आलं. ती बसली. धपकन.

चाकांचा आवाज पोकळ झाला. करड्या पट्ट्या सुरू झाल्या.

"अहो, तुमचं?" मावशी त्यांच्याकडे मान वळवून म्हणाली.

"माझं नंतर," काका म्हणाले. "तिकडे बघ."

ती तिकडे वळली. आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो, त्यामुळे दुसऱ्यांदा पूल असा आमच्यापैकी कुणी पाहिलाच नाही. तिने बटाटा सालासकट मिठात टेकवला आणि खाल्ला. सावकाश. तिला सावकाश चावताना मी पहिल्यांदाच बघत होते. खाली नदी होती ती तिच्या चष्म्यात दिसत होती, दोन्ही काचांत एकेक. तुळया संपत आल्या तशी ती पुढे वाकली, कुणी तिथे बसलेलं दिसतंय का ते बघावं तशी.

झाडं आली. मामाला राहवेना. "ताई, कसं लागलं?"

मावशीने घास गिळला, जिभेने दात चाचपले, विचार केला. कॅन्टीनमध्ये नव्या बाईने केलेला रस्सा चाखताना ती असंच तोंड करायची म्हणे.

"बटाट्यासारखं," ती म्हणाली. "बटाट्यासारखंच लागतं. आमच्या बाबांनी जन्मभर थापा मारल्या." आणि ताट काकांपुढे केलं. "आणखी एक द्या. आणि मीठ जरा कमी पडलंय."